‘कॉन्व्हेंट’च्या रजिस्टरमधला मातृभाषेचा रकाना

आमच्या चंद्रपूरकडे इंग्रजी बालवाडीला सरसकट ‘कॉन्व्हेंट’ म्हणतात. पाटीवर सरस्वती असो की साईबाबा, पुढे कॉन्व्हेंट लागतंच. हा शब्द सिस्टर लोकांच्या मठाचा, हे कुणाच्या गावीही नसतं. मी मात्र खरोखरच चर्चच्या आवारातल्या शाळेत शिकलो. त्यामुळे हे भांडण घरातलं आहे.

चांद्याचं सिरो-मलबार धर्मक्षेत्र १९६२ साली सुरू झालं. त्याच वर्षी रोममध्ये दुसरी व्हॅटिकन परिषद भरली आणि १९६३मध्ये तिनं उपासनेत लोकभाषेला जागा दिली. आमच्याकडे केरळहून आलेले फादर मराठी शिकले, मिस्सा मराठीत व्हायची. चर्चमधून वीस पावलांवर शाळा. तिथे मराठी बोललं की एक रुपया दंड!

माझ्या बाकावर भामरागडकडचा एक मुलगा होता. पॅरिशच्या वसतिगृहात राहायचा, घरची भाषा माडिया. मराठी तो आमच्याकडून खेळता खेळता शिकत होता आणि वर्गात मात्र इंग्रजीपुढे गप्प बसायचा. सहावीला तो आलाच नाही.

पुढे मी दाखल्याची दुय्यम प्रत काढायला गेलो. बाबूंनी दाखल-खारीज रजिस्टर उघडलं. माझी मातृभाषा मराठी. दोन ओळी खाली तो. त्याचीही मराठी! शाळा सोडण्याचं कारण : ‘सतत गैरहजर’.

शाळेची स्मरणिका निघाली, तेव्हा तिच्यात इमारती होत्या, निकाल होते, पाहुण्यांचे फोटो होते. शाळेचा इतिहास म्हणून तेवढंच छापलं जातं. माझ्या मते खरा इतिहास त्या दोन रकान्यांत आहे.

पालकांनाच इंग्रजी हवं असतं, असं फादर सांगतात. खरं आहे. माझ्या आईलाही हवं होतं आणि आज मी त्याच इंग्रजीवर पोट भरतो. पण इंग्रजी येण्यासाठी पोराची माडिया आधी पुसावी लागते, हे कुणी ठरवलं? आणि मराठीवाल्यांनीही फार खूश होऊ नये. त्याच्या नावापुढे ‘मराठी’ लिहून आपणही तेच केलं.

राज्यघटनेच्या कलम ३०नं अल्पसंख्याकांना शाळा चालवायचा हक्क दिला. तो आपण ठणकावून सांगतो. कलम ३५०-अ भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावं म्हणतं. ते सरकारला उद्देशून आहे, मान्य. पण स्वतः अल्पसंख्याक म्हणून हक्क मागणाऱ्यांना दुसऱ्याची भाषा दिसू नये?

फादर स्टीफन्स तर जन्मानं इंग्रज. १६१६ साली त्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ छापलं गेलं, ते मराठीत. त्यांचा वारसा सांगायचा असेल, तर पहिली-दुसरीला माडिया-गोंडी येणारी एक तरी बाई नेमा. रजिस्टरात खरी मातृभाषा लिहा. आणि पुढच्या स्मरणिकेत ‘सतत गैरहजर’ होऊन किती मुलं गेली, तो आकडा छापा. मोजणी माझ्या बाकापासून सुरू करा.