कुठं निघालात?

परवा एका ओळखीच्या बाईंनी मला हसत हसत एक जुनी गोष्ट सांगितली, आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. त्यांना विचारूनच लिहितोय. गाव, काम, वय सगळं बदललंय. तेव्हा नातेवाईक मंडळी, "ती कोण रे?" म्हणून फोन करू नका. आजचा मुद्दाच तो आहे.

समजा, त्यांचं गाव एरंडोलजवळ आहे. काही वर्षांपूर्वी त्या मला पारोळ्याच्या बसस्टँडवर दिसल्या. "कुठं निघालात ताई?" "धुळ्याला, भाचीकडे. देवपुरात." मीही गाडीने धुळ्यालाच चाललो होतो. त्या नको नको म्हणत असताना आग्रहाने बसवलं, वाटेत थांबून चहा पाजला. वर "अगदी दारात सोडतो" म्हणून देवपुरातल्या दोन गल्ल्या फिरवल्या. शेवटी एका घरासमोर उतरून त्यांनी हात केला. चांगलं काम केल्याच्या आनंदात मी निघालो.

देवपुरात त्यांचं कुणीही नव्हतं. त्या एचआयव्हीच्या गोळ्या आणायला निघाल्या होत्या, आणि केंद्र गावाच्या दुसऱ्या टोकाला. पोचेपर्यंत गोळ्या द्यायची वेळ संपली. दुसऱ्या दिवशी परत यायचं तर आणखी एक मजुरी बुडणार, घरी नवं कारण सांगावं लागणार. चार दिवस गोळ्यांविना गेले. माझ्या मायेपायी!

मी विचारलं, "जळगाव तर जवळ होतं, धुळ्याला का?" म्हणाल्या, "जळगावला दवाखान्यात आपलं अर्धं गाव भेटतं."

एक काळ होता, तेव्हा औषधच मिळत नव्हतं. १ एप्रिल २००४ पासून सरकारने ते मोफत द्यायला सुरुवात केली. देशातल्या पहिल्या आठ केंद्रांत मुंबईचं जे. जे. रुग्णालय होतं. खानदेशातल्या आजारी माणसाने मुंबई गाठायची म्हणजे काय, ते आपल्याला माहीत आहे. तेव्हा साधारणपणे सीडी-फोर पेशी २००च्या खाली गेल्यावरच औषध सुरू करायचे. २०१७ पासून निदान झालं की लगेच औषध, असं धोरण आलं. केंद्रं जळगावात झाली, धुळ्यात झाली. पूर्वीच्या मूठभर गोळ्यांच्या जागी आता बहुतेकांना दिवसाला एक गोळी पुरते. ती नियमित घेऊन रक्तातला विषाणू तपासणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातूनही तो जोडीदाराला जात नाही. किती मोठी गोष्ट आहे ही!

पण अट एकच, खंड पडता कामा नये. वारंवार खंड पडला की विषाणू पुन्हा वाढतो, आणि त्याला त्या औषधाची सवय झाली तर औषध बदलावं लागतं. म्हणजे सुरू करणं जितकं महत्त्वाचं, तितकंच टिकवणं. आणि टिकवायचं म्हणजे वर्षानुवर्षं ठरल्या दिवशी घरातून निघायचं, एसटीत बसायचं आणि वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाला उत्तर द्यायचं. "कथा जाई ऱ्हायनी वं माय?" हा प्रश्न आपल्याकडे मायेनेच विचारतात. एसटीत अशा रुग्णांना सवलत आहे, पण ती घ्यायची तर भरल्या गाडीत कंडक्टरला कागद दाखवा! त्या पूर्ण तिकीट काढायच्या.

"लाजायचं कशाला? उघड सांगावं," असं म्हणणारे भेटतात. मला हे पटत नाही. ज्याला उघड बोलायचंय त्याने जरूर बोलावं, त्याचं कौतुकच आहे. पण मजुरीवर जगणाऱ्या बाईकडून आधी धैर्य मागायचं आणि मग औषध, हा कुठला न्याय? २०१७चा एचआयव्ही-एड्स कायदा २०१८मध्ये लागू झाला. संमतीशिवाय रुग्णाची माहिती फोडायला त्यात बंदी आहे. पण बसस्टँडवर खोदून खोदून विचारणाऱ्या माझ्यासारख्याला कुठला कायदा अडवणार?

म्हणून मला वाटतं, मदतीची सुरुवात आपल्या चौकशीला आवर घालण्यापासून होते. विचारा, पण पहिलं उत्तर मान्य करा. भाचीकडे म्हणाली, तर भाचीकडे. शेतात, दुकानात, घरात कामाला असलेल्या माणसाने महिन्यातून एक दिवस मागितला तर कारण न विचारता द्या, जमलं तर पैसे न कापता. कुणी विश्वासाने सांगितलंच तर ते बायकोलाही सांगू नका. सोबत ये म्हणाले तर जा, आणि बाहेर बाकावर बसून राहा. कुठे जावं हेच ज्याला कळत नसेल, त्याला १०९७ हा मोफत हेल्पलाइन नंबर द्या.

सरकारकडूनही एक अपेक्षा आहे. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये तब्येत स्थिर असलेल्यांना तीन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम देण्याची सोय केली गेली. ज्यांचं औषध नीट चालू आहे, त्या प्रत्येकाला ही सोय हक्काने मिळावी. वर्षाला बारा खेपांऐवजी चार, म्हणजे आठ मजुऱ्या वाचल्या आणि आठ खोटी कारणंही.

ताईंची तब्येत आता छान आहे. परवा निघताना सवयीने माझ्या तोंडून गेलंच, "आता कुठं?"

"भाचीकडे," त्या म्हणाल्या.

मी "बरं" म्हटलं आणि गप्प बसलो.