चेल्टनहॅमच्या नवोदितांचा भाव

इंग्लंडमधील चेल्टनहॅम येथे दरवर्षी मार्च महिन्यात अडथळ्यांच्या शर्यतींचा चार दिवसांचा महोत्सव भरतो. त्याचा प्रारंभ मंगळवारी ‘सुप्रीम नोव्हिसेस हर्डल’ या शर्यतीने होतो. अंतर दोन मैलांहून किंचित अधिक, वाटेत आठ अडथळे आणि अखेरीस दम काढणारा चढ. घोडे सुटताच प्रेक्षागारातून उठणारा गजर हा तेथील वृत्तपत्रांचा ठरलेला विषय. मात्र त्याआधी कित्येक महिने चाललेला सट्टाबाजार अधिक बोलका असतो. या शर्यतीत उतरणाऱ्या घोड्यांविषयी ठोस माहिती अत्यल्प असते आणि तरीही त्यांच्यावर पैसा मात्र भक्कम आत्मविश्वासाने लावला जातो.

नवोदित याचा अर्थ मोसम सुरू होण्यापूर्वी अडथळ्यांची एकही शर्यत न जिंकलेला घोडा. महालक्ष्मीच्या किंवा पुण्याच्या मैदानावर सपाट शर्यती पाहणाऱ्या पंटरला मुरलेल्या घोड्याची मागील कामगिरी तपशिलाने पाहता येते. येथे ते पुस्तकच दोन-तीन पानांचे असते. २०२५चा विजेता कोपेक दे बोर्द चेल्टनहॅमला आला तेव्हा अडथळ्यांच्या जेमतेम दोन शर्यती त्याच्या गाठीशी होत्या. त्यांपैकी दुसरी, आयर्लंडमधील लेपर्ड्सटाउनची, त्याने १३ लेंग्थने जिंकली होती. एवढ्या पुराव्यावर बाजाराने त्याला ४/६ हा भाव दिला. म्हणजे सहा रुपये लावले तर चार रुपये नफा. टक्केवारीत मांडायचे तर विजयाची शक्यता ६० टक्के. घोडा जिंकला, पण १३ लेंग्थचे अंतर पावणेदोन लेंग्थवर आले.

असे अगदी कमी भावाचे फेव्हरिट येथे बुडतातच असे नाही. २०२१मध्ये ८/११ भावाचा अॅप्रिशिएट इट तब्बल २४ लेंग्थने जिंकला होता. फसगत होते ती त्याहून थोड्या वरच्या भावात, साधारण ७/४ ते ३/१ या पट्ट्यात. घोड्याचे पारडे जड असते, पण ते कामगिरीने की तबेल्याच्या लौकिकाने, हे सांगता येत नाही. २०१६मध्ये फेव्हरिट असलेल्या मिनला आल्टिओरने मागे टाकले. २०१७मध्ये मेलन ३/१ने फेव्हरिट होता. अडथळ्यांची अवघी एक शर्यत तो तोवर धावला होता. २०१८मध्ये ७/४ भावाचा गेटाबर्ड चढ येईपर्यंत संपला आणि पार पिछाडीस गेला. २०२०मध्ये अॅस्टेरियन फोरलाँज डाव्या वळणाच्या या मैदानावर उजवीकडे कलत उड्या मारीत राहिला आणि पराभूत झाला. हे चारही घोडे विली मलिन्स या एकाच आयरिश प्रशिक्षकाचे होते.

यावरून मलिन्स यांच्या कौशल्याविषयी शंका घेणे हास्यास्पद ठरेल. १९९५ ते २०२५ या काळात त्यांनी ही शर्यत आठ वेळा जिंकली. परंतु त्या आठांत १९९५ची टुरिस्ट अॅट्रॅक्शन २५/१ला आणि २००७चा एबाझियान ४०/१ला होता, हे सोयिस्करपणे विसरले जाते. मलिन्स एकाच शर्यतीत अनेक घोडे उतरवू शकतात. बाजार मात्र त्यांतील एकावर, बहुधा मुख्य जॉकी ज्याच्यावर बसणार त्याच्यावर, सारा भरवसा टाकतो. प्रशिक्षकाच्या नावाची किंमत भावात आधीच वसूल झालेली असते आणि ती पंटर भरतो. बुकीला मात्र भाकीत अचूक असण्याची गरज नाही. सर्व घोड्यांच्या भावांतून निघणाऱ्या टक्केवारीची बेरीज शंभरावर जाते. तो वरचा हिस्सा हाच त्याचा धंदा.

नावाप्रमाणेच रक्ताचीही भुरळ असते. २०१५चा विजेता डूवाँ याचा सख्खा भाऊ जाँबाँ हा पाच लाख सत्तर हजार पौंडांना विकला गेला होता. २०२२मध्ये तो या शर्यतीत उतरला आणि दुसरा आलाही, पण कॉन्स्टिट्यूशन हिलच्या तब्बल २२ लेंग्थ मागे. कॉन्स्टिट्यूशन हिलने त्याआधी जानेवारीत सँडाउनची टॉलवर्थ शर्यत १२ लेंग्थने जिंकलेली होती. म्हणजे पुरावा उघड्यावर होता. २०२३मध्येही तसेच. सहा वेळा महोत्सव गाजवणाऱ्या क्वेवेगा या घोडीचा पुत्र फसील व्हेगा चर्चेत राहिला आणि डिसेंबरपासून न धावलेला मरीन नॅसिओनाल जिंकून गेला.

अर्थात पुरावाही सगळे सांगत नाही. २०१७चा विजेता लबेक हा याआधी अनेकदा धावण्यासच नकार देऊन जागेवर उभा राहिलेला घोडा. त्या दिवशी त्याच्या मनात आले, तो सुटला आणि २५/१ला जिंकला. अशा घोड्याचे विश्लेषण कोणत्या निकषावर करायचे?

प्रश्न केवळ कोण जिंकेल एवढाच असता तर गोष्ट सोपी होती. महिनोन् महिने आधी पैसे लावणाऱ्यापुढे त्याहून अवघड प्रश्न असतो: घोडा या शर्यतीत उतरेल तरी काय? त्याच आठवड्यात नवोदितांसाठी अडीच मैलांहून अधिक अंतराची आणि तीन मैलांची अशा आणखी दोन मोठ्या शर्यती असतात. मालकाने ऐनवेळी बेत बदलला तर आगाऊ लावलेली रक्कम बुडते. महोत्सव जवळ येतो तसे बुकी, घोडा न उतरल्यास पैसे परत करण्याची हमी देऊ लागतात. पण तोवर चढा भाव उरलेला नसतो. हिवाळ्यात १०/१ घेणारा शहाणा की मार्चमध्ये ३/१ घेणारा, याचे उत्तर घोड्याच्या वेगात नसून मालकाच्या मनात असते.

म्हणून दावेदारांची यादी पाहताना भावापेक्षा तीन गोष्टी अधिक उपयोगी पडतात. घोडा मोठ्या गर्दीत धावला आहे काय. चार-पाच प्रतिस्पर्ध्यांपुढे एकट्याने आघाडी घेऊन मिळवलेले विजय चेल्टनहॅमच्या धुमश्चक्रीत फारसे कामी येत नाहीत. उडी सरळ आहे काय. आणि दोन मैलांपलीकडे दम उरतो काय, कारण शेवटच्या अडथळ्यानंतरचा चढ निव्वळ वेगवान घोड्याला माफ करीत नाही. २०२०मध्ये शिश्किन वाटेत अडखळूनही अॅबॅकाडॅब्रासला डोक्याइतक्या अंतराने हरवू शकला तो या दमावर. हाच शिश्किन त्या मोसमात न्यूबरीला पहिल्याच हर्डल शर्यतीत पडला होता.

फेब्रुवारीतील लेपर्ड्सटाउनच्या निकालाने बाजार एकदा हलतो. दुसऱ्यांदा हलतो तो शर्यतीच्या अठ्ठेचाळीस तास आधी, रविवारी अंतिम यादी लागते आणि मलिन्स यांच्या कोणत्या घोड्यावर कोणता जॉकी बसणार हे उघड होते तेव्हा.