औषध स्वस्त होईल. पण मधुमेह आटोक्यात येईल?

नवी दिल्ली : सेमाग्लुटाईड या औषधाच्या भारतातील पेटंटची मुदत मार्च २०२६ मध्ये संपली आणि देशी औषध कंपन्यांना त्याची जेनेरिक आवृत्ती विकण्याचा मार्ग मोकळा झाला. आठवड्यातून एकदा टोचून घ्यावयाचे हे औषध रक्तातील साखर आणि वजन अशा दोन्ही गोष्टी खाली आणते. त्यामुळे कंपन्यांची स्पर्धा, उतरणारी किंमत आणि वजन घटविण्याची वाढती हौस यांची चर्चा होणे स्वाभाविक आहे. या चर्चेत एक मूलभूत प्रश्न मात्र मागे पडला आहे. मेटफॉर्मिनसारखी अत्यंत स्वस्त औषधे अनेक दशके हाताशी असताना देशातील बहुसंख्य मधुमेहींची साखर आटोक्यात का नाही? या प्रश्नाचे बरेचसे उत्तर भारतातच झालेल्या वैद्यकीय संशोधनाने दिलेले आहे. त्याची अंमलबजावणी तेवढी राहिली आहे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या ‘इंडियाब’ या पाहणीचे देशव्यापी निष्कर्ष जून २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. २००८ ते २०२० या काळात ३१ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील १ लाख १३ हजारांहून अधिक प्रौढांची तपासणी त्यासाठी करण्यात आली. त्यानुसार देशातील ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह आहे, तर १५.३ टक्के त्याच्या उंबरठ्यावर आहेत. संख्येत सांगायचे तर अनुक्रमे सुमारे १० कोटी १० लाख आणि १३ कोटी ६० लाख. गोव्यात हे प्रमाण सर्वाधिक, म्हणजे २६.४ टक्के, तर उत्तर प्रदेशात सर्वात कमी, ४.८ टक्के आढळले.

या आकड्यांची चर्चा बरीच झाली. त्याच पाहणीतील दुसरा निष्कर्ष अधिक अस्वस्थ करणारा असूनही फारसा पुढे आला नाही. मधुमेहीच्या उपचारात साखर, रक्तदाब आणि घातक कोलेस्टेरॉल या तिन्ही गोष्टी एकाच वेळी मर्यादेत ठेवणे अपेक्षित असते. आपल्याला मधुमेह असल्याचे ज्यांना आधीच ठाऊक होते, अशा व्यक्तींपैकी ३६.३ टक्क्यांची साखर आटोक्यात होती. रक्तदाब ४८.८ टक्क्यांचा आणि कोलेस्टेरॉल ४१.५ टक्क्यांचे मर्यादेत होते. तिन्ही उद्दिष्टे साधलेले रुग्ण अवघे ७.७ टक्के होते. याचा अर्थ, निदान झालेल्या दर १३ रुग्णांपैकी केवळ एकावर शास्त्राला अभिप्रेत असलेला परिणाम साधला गेला होता.

ही तिहेरी कसोटी केवळ तज्ज्ञांचा आग्रह नव्हे. ब्रिटनमध्ये दोन दशके चाललेल्या आणि १९९८ मध्ये पूर्णत्वास गेलेल्या अभ्यासाने साखरेवरील नियंत्रणामुळे डोळे व मूत्रपिंडांच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे विकार सुमारे २५ टक्क्यांनी घटतात, हे दाखवून दिले. डेन्मार्कमधील ‘स्टेनो-२’ चाचणी त्याच्याही पुढे गेली. मूत्रपिंडविकाराची प्रारंभिक लक्षणे असलेल्या १६० रुग्णांपैकी निम्म्यांवर साखर, रक्तदाब व कोलेस्टेरॉल या सर्वांसाठी एकत्रित आणि काटेकोर उपचार सुमारे आठ वर्षे करण्यात आले. एकवीस वर्षांनंतरच्या पाहणीत या गटाचे आयुर्मान नेहमीच्या उपचारांच्या गटापेक्षा ७.९ वर्षांनी अधिक असल्याचे आढळले. ७.७ टक्के हा आकडा या पार्श्वभूमीवर वाचला, तर हुकलेल्या उद्दिष्टांची मानवी किंमत ध्यानात येते.

हे अंतर भारतीय परिस्थितीत भरून काढता येते काय, याचा शोध ‘कॅर्स’ या चाचणीने घेतला. भारत व पाकिस्तानमधील १० मधुमेह केंद्रांतील १,१४६ रुग्णांचा तीत समावेश होता. कोणतेही नवे औषध तपासले जात नव्हते. एका गटातील रुग्णांचा पाठपुरावा करण्यासाठी डॉक्टरेतर समन्वयक नेमण्यात आला आणि उपचारात केव्हा कोणता बदल करावा, हे डॉक्टरांना सुचविणारी संगणकीय प्रणाली देण्यात आली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, साखरेबरोबरच रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉलचे उद्दिष्ट गाठणाऱ्यांचे प्रमाण या गटात १८.२ टक्के, तर नेहमीच्या उपचारांच्या गटात ८.१ टक्के होते. आधीच उपलब्ध असलेली औषधे अधिक नेमकेपणाने वापरल्याने यश दुपटीहून अधिक झाले.

औषध स्वस्त होणे आवश्यक आहेच. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सात हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीत एम्पाग्लिफ्लोझिन या गोळीमुळे हृदयविकाराने होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. भारतात तिचे पेटंट मार्च २०२५ मध्ये संपले आणि सुमारे ६० रुपयांना मिळणाऱ्या गोळीचे पर्याय दहा रुपयांच्या आसपास व त्याखालीही उपलब्ध झाले. खिशातून खर्च करणाऱ्या रुग्णासाठी हा दिलासा मोठा आहे. तथापि, ही गोळी कोणाला अधिक उपयुक्त ठरेल, हे समजण्यासाठी मूत्रपिंडाचे कार्य आणि लघवीतील प्रथिने तपासावी लागतात. ती तपासणीच झाली नाही, तर दहा रुपयांची गोळीदेखील योग्य रुग्णापर्यंत पोहोचत नाही.

सेमाग्लुटाईडबाबत हा मुद्दा अधिक गंभीर ठरतो. त्याच्या उपयुक्ततेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मधुमेह व मूत्रपिंडविकार असलेल्या ३,५३३ रुग्णांवरील, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘फ्लो’ चाचणीत मूत्रपिंडाची गंभीर हानी आणि संबंधित मृत्यू यांचा एकत्रित धोका २४ टक्क्यांनी कमी झाला. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२५ मध्ये या वर्गातील औषधांचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. तो करताना मधुमेहासोबत हृदय वा मूत्रपिंडाचा विकार आणि स्थूलता असलेल्या रुग्णांना संघटनेने अग्रक्रम दिला, ही बाब महत्त्वाची आहे.

प्रश्न भारतीय शरीरप्रकृतीचा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ‘दिसायला सडपातळ, पण शरीरात मेद अधिक’ अशी भारतीयांची प्रकृती जगासमोर मांडली. २००४ मध्ये त्यांनी स्वतःची आणि ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांची तुलना प्रसिद्ध केली. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक २२.३ असा समान होता. पण युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के होता. या वर्गातील औषधांनी वजन घटते, तेव्हा त्यातील लक्षणीय हिस्सा स्नायूंसह अन्य मेदरहित भागाचा असतो. मुळातच स्नायू कमी असलेल्या, आहारात प्रथिनांची कमतरता असलेल्या रुग्णांवर त्याचा दीर्घकालीन परिणाम काय होईल, याचे उत्तर पाश्चात्त्य रुग्णांच्या आकडेवारीतून जसेच्या तसे उचलता येणार नाही. शिवाय मधुमेह नसलेल्या स्थूल व्यक्तींवरील चाचणीत, औषध थांबविल्यानंतर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश वजन परत आल्याचे दिसले आहे. पैशांअभावी उपचार मध्येच सोडावा लागणे ही आपल्याकडची नित्याची बाब असल्याने हा निष्कर्ष दुर्लक्षिण्याजोगा नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये औषध महानियंत्रकांनी अमेरिका, ब्रिटन, जपान, ऑस्ट्रेलिया, कॅनडा आणि युरोपीय संघात मान्यता मिळालेल्या काही प्रवर्गांतील नव्या औषधांना भारतातील स्थानिक चाचण्यांतून सूट देण्याचा मार्ग खुला केला. प्रचलित उपचारांपेक्षा लक्षणीय सरस औषधांचा त्यात समावेश आहे. रुग्णांना नवे उपचार लवकर मिळावेत, हा हेतू योग्यच आहे. मात्र आधीची चाचणी वगळली जाणार असेल, तर औषध बाजारात आल्यानंतरच्या नोंदी अधिक काटेकोर असल्या पाहिजेत.

स्थानिक संशोधनाचे महत्त्व प्रतिबंधाच्या क्षेत्रात सिद्ध झालेले आहे. अमेरिकेतील प्रसिद्ध मधुमेह प्रतिबंध चाचणीतील व्यक्तींचा सरासरी निर्देशांक ३४ होता. चेन्नईतील डॉ. ए. रामचंद्रन यांच्या २००६ मधील चाचणीत तो अवघा २५.८ होता, तरीही काहीही हस्तक्षेप न केलेल्या गटातील ५५ टक्के लोकांना सुमारे तीन वर्षांत मधुमेह जडला. आहार व चालण्याच्या व्यायामाने हा धोका २८.५ टक्क्यांनी, तर मेटफॉर्मिनच्या अल्प मात्रेने २६.४ टक्क्यांनी घटला. पुढे २०१३ मध्ये याच संशोधकांनी मोबाइलवरील साध्या संदेशांनीही धोका ३६ टक्क्यांनी कमी होतो, असे दाखविले. प्रत्येक प्रयोग यशस्वी ठरतोच असे नाही. केरळमधील सुमारे एक हजार व्यक्तींवरील गावपातळीच्या कार्यक्रमात मधुमेहाच्या प्रमाणात आढळलेली घट संख्याशास्त्रीय कसोटीवर उतरली नाही. असे निष्कर्षही तितकेच मोलाचे असतात. कोणत्या व्यक्ती निवडाव्यात आणि किती काळ पाठपुरावा करावा, हे त्यांतूनच कळते.

केंद्र सरकारने मे २०२३ मध्ये साडेसात कोटी रक्तदाब व मधुमेहग्रस्तांना २०२५ पर्यंत प्रमाणित उपचारांखाली आणण्याचा संकल्प सोडला. मार्च २०२५ पर्यंत रक्तदाबाचे ४ कोटी २० लाख आणि मधुमेहाचे २ कोटी ५२ लाख रुग्ण उपचारांखाली आल्याचे, म्हणजे सुमारे ९० टक्के उद्दिष्ट गाठल्याचे सरकारने सांगितले. ही कामगिरी लहान नाही. परंतु नोंदणी झाली म्हणजे साखर आटोक्यात आली, असे नव्हे. यापुढील उद्दिष्ट किती रुग्ण नोंदले यापेक्षा किती रुग्णांनी तिन्ही मर्यादा गाठल्या, यावर ठरविले गेले पाहिजे.

त्यासाठी लागणारी साधने अद्भुत नाहीत. प्राथमिक आरोग्य केंद्रावर तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची आणि लघवीतील प्रथिनांची तपासणी, औषधांचा अखंड पुरवठा, पाठपुरावा करणारा समन्वयक आणि नव्या इंजेक्शनांच्या परिणामांची देशव्यापी नोंदवही, एवढ्यानेही चित्र बदलू शकते. पेटंट संपल्याने औषधाची किंमत उतरेल. पण पुढच्या भेटीला न आलेल्या रुग्णाला शोधून काढण्याचे काम बाजारपेठ करणार नाही. ते आरोग्य यंत्रणेलाच करावे लागेल. अन्यथा, औषध स्वस्त होऊनही १३ रुग्णांतील उरलेले १२ आज आहेत तिथेच राहतील.