पतंगाचे नाव आणि पतंगाचा प्राण

पावसाळी रात्री अँटॉप हिलच्या वसाहतींतील जिन्यांवर दिवे लागले, की त्यांच्याभोवती लहान लहान पतंग जमू लागतात. पूर्वेस वडाळ्याची मिठागरे आणि त्यापलीकडे खाडीकाठचे तिवर आहेत. चातुर्मासात जीवोत्पत्ती वाढते, हे श्रावकास निराळे सांगावे लागत नाही. भारतात पतंगांच्या सुमारे १० हजार जाती नोंदल्या गेल्या आहेत. परंतु नखाहूनही लहान अशा करड्या पतंगांत अद्याप निनावी असलेले पुष्कळ आहेत.

मुंबईत हे नामकरणाचे काम जुने आहे. १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. तिच्या आठ संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन यांच्यासमवेत कर्नल चार्ल्स स्विनहो हेही होते. स्विनहो यांनी १८८५ मध्ये मुंबई व दख्खनमधील फुलपाखरे आणि पतंग यांवर विस्तृत लेखन प्रसिद्ध केले व त्यात अनेक नव्या जातींची वर्णने दिली. अशा प्रत्येक नावामागे टाचणीला टोचलेला एक मृत जीव असतो.

पद्धत आजही फारशी बदललेली नाही. पांढऱ्या पडद्यावर दिवा सोडून पतंग पकडतात, मारतात, पंख पसरून वाळवतात. लहान पतंगांत दोन जाती बाहेरून हुबेहूब सारख्या असू शकतात. म्हणून पोट उघडून जननेंद्रियांची रचना सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते. ज्या एका नमुन्यावर नाव आधारलेले असते, तो होलोटाइप म्हणून संग्रहालयात कायमचा जपला जातो.

जैन शास्त्रकारांनी पतंगास चतुरिंद्रिय मानले आहे: स्पर्श, रस, घ्राण आणि चक्षू. (वटवाघळाचा सूक्ष्म ध्वनी ऐकणारे कान अनेक पतंगांना असतात, असे आधुनिक विज्ञान सांगते, तो विषय स्वतंत्र लेखाचा.) गृहस्थास आरंभी, उद्योगी आणि विरोधी हिंसा सर्वथा टाळता येत नाही, संकल्पी हिंसा मात्र त्याज्यच. नमुन्यासाठी जाणूनबुजून घेतलेला प्राण कोणत्या प्रकारात बसवावा? अभ्यासक म्हणतील की ज्या जीवास नाव नाही, त्याचा अधिवास वाचवण्यासाठी कोणत्याही अहवालात शब्द घालता येत नाही. हा युक्तिवाद खोटा नाही. तिवरांवर भराव पडला तर एक नव्हे, असंख्य पतंग नाहीसे होतील. तरीही एकाच्या प्राणावर अनेकांचे रक्षण, हा हिशेब श्रावकाने सहज मान्य करू नये.

विज्ञानानेही हा प्रश्न टाळलेला नाही. पुण्याचे खगोलशास्त्रज्ञ रमणा अथ्रेय यांनी २००६ मध्ये अरुणाचलातील बुगुन लिओचिकला या पक्ष्याचे वर्णन त्यास न मारता, छायाचित्रे आणि पिसांच्या आधारे केले; पक्षी इतके थोडे होते, की एकही गमावणे परवडणारे नव्हते. २०१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील एका माशीला केवळ छायाचित्रांवरून नाव मिळाले, तेव्हा मोठा वाद झाला. २०१७ मध्ये प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने अशा नावांचा मार्ग खुला ठेवला. मात्र नमुना का जपला नाही, याची कारणे लेखकाने सविस्तर द्यावीत अशी शिफारस केली.

नखाएवढ्या पतंगास छायाचित्र पुरत नाही. डीएनए तपासणीस एक पाय पुरतो. परंतु जिवंत पतंगाचा पाय काढणे हा अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांपैकी छेद होय. अळी वाढवून कोषातून निघालेला पतंग मरेपर्यंत पेटीत ठेवावा, तर तो बंध. यांतला दुसरा दोष हलका वाटतो, कारण या पतंगांचे आयुष्य बहुधा थोड्या दिवसांचे असते. पेटीत फडफडून पंखांवरचे खवले झडतात आणि संग्रहालयास असा नमुना आवडत नाही. पण जननेंद्रियांची कठीण रचना टिकते, मृत शरीराचा पायही डीएनएसाठी चालतो. पतंग आपल्या मरणाने मेला, की मगच टाचणी हाती घ्यावी लागते.