आभाळातून उतरणारी पेटी

ढग म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला, पाऊस देणार का? धावड्यात बचत गटाच्या बैठकीत मी नासाच्या एका प्रयोगाची माहिती सांगितली, तेव्हाही तेच झालं. जुलै २०१८ मध्ये स्वीडनहून सोडलेला बलून पाच दिवस तरंगत कॅनडापर्यंत गेला आणि रात्री चमकणाऱ्या निळसर ढगांचे त्यानं ६० लाख फोटो काढले. हे ढग ८० किलोमीटर उंचीवरचे, बर्फाच्या बारीक कणांचे.

"ताई, पाऊस पडत नसंल तर कशापायी एवढा कुटाणा?" एका मावशींनी विचारलं. कपाशीवर घर चालवणाऱ्या बाईनं हे विचारायलाच हवं! वरच्या हवेतल्या लाटा कशा फुटतात, ते या ढगांवर उमटतं. ते नीट कळलं तर हवामानाचे अंदाज सुधारायला मदत होईल, असं शास्त्रज्ञांना वाटतं. मावशींचं समाधान झालं असं मात्र मी म्हणणार नाही.

पण मैत्रिणींनो, बलून काही फक्त परदेशातच उडत नाहीत. हैदराबादला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं बलून केंद्र आहे. आपले जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जानेवारी २००१ मध्ये तिथूनच बलून पाठवून ४१ किलोमीटरपर्यंतची हवा नळकांड्यांत भरून खाली आणली. २००५ च्या दुसऱ्या उड्डाणात तर तीन नवे जिवाणू सापडले. त्यातल्या एकाला आर्यभटांचं नाव दिलंय.

काम झालं की यंत्राची पेटी पॅराशूटनं खाली येते. कुठे? वारा नेईल तिथे, कुणाच्याही शेतात. पेटी उघडू नका, हलवू नका, पोलिसांना कळवा, बक्षीस मिळेल, अशी सूचना पेपरात येते. पण पेपर वाचला जातो पारावर नाहीतर हॉटेलात. शेतात खुरपत असते ती बाई! पेटी तिच्यासमोर उतरणार आणि सूचना मात्र तिच्या नवऱ्याला. तोही घरी येऊन सांगेलच असं नाही. उघडलेल्या एका पेटीत कुणाची कितीतरी वर्षांची मेहनत वाया जाऊ शकते.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, उड्डाणांच्या दिवसांत ही सूचना त्या पट्ट्यातल्या ग्रामसभेत, अंगणवाडीत, बचत गटात वाचून दाखवावी. आणि गर्दीनं पीक तुडवलं तर भरपाई कोण देणार, तेही त्यातच ठळक लिहावं. बैठकीत मावशींचा दुसरा प्रश्न तोच होता.