लस पानांत घडते, पण ती झाडपाला नव्हे

‘वनस्पतींपासून कर्करोगप्रतिबंधक लस’ हे शब्द कानी पडताच तुळस, गुळवेल, काढे आणि चूर्णे आठवणे स्वाभाविक आहे. परंतु वाचकहो, या लशीचा औषधी वनस्पतींशी काहीही संबंध नाही. येथे वनस्पतीचा गुण घ्यायचा नसतो. तिच्याकडून केवळ काम करून घ्यायचे असते.

काही कर्करोगांचे मूळ विषाणूंच्या दीर्घकालीन संसर्गात असते. गर्भाशयमुखाच्या जवळजवळ प्रत्येक कर्करोगामागे एचपीव्ही हा विषाणू असतो, तर यकृताच्या कर्करोगाचे एक प्रमुख कारण हिपॅटायटिस बी आहे. लशीत या विषाणूंच्या बाह्य आवरणातील प्रथिन तेवढे असते. त्यामुळे आजार होत नाही. शरीराला शत्रूची ओळख मात्र पटते. सध्या हे प्रथिन बहुधा यीस्टमध्ये तयार करतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्व्हावॅक’ अशीच बनते.

हेच काम तंबाखूच्या कुळातील एका रोपट्याची पानेही करू शकतात. मातीतील एका जिवाणूच्या साहाय्याने प्रथिनाचा आराखडा पानांत पोहोचवला जातो. काही दिवसांत पाने ते प्रथिन घडवतात. मग पाने खुडून, वाटून, प्रथिन शुद्ध केले जाते. हिपॅटायटिस बीचे प्रथिन अमेरिकन संशोधकांनी १९९२ मध्येच तंबाखूत तयार केले होते; दक्षिण आफ्रिकेतील केपटाउन विद्यापीठात एचपीव्हीच्या प्रथिनांवर असे काम झाले. गरीब देशांना परवडणारी लस मिळावी, ही त्यामागची आशा. कॅनडाने २०२२ मध्ये पानांत घडवलेली कोविडची लस मंजूर केली, पण पुढच्याच वर्षी ती बनवणारी कंपनी बंद करण्याचा निर्णय झाला. कर्करोग रोखणारी अशी लस अद्याप बाजारात नाही.

तेव्हा तिची वाट पाहत थांबू नये. लस प्रतिबंधासाठी असते. झालेला कर्करोग ती बरा करीत नाही. नात ९ ते १४ वर्षांची असेल, तर उपलब्ध एचपीव्ही लशीविषयी डॉक्टरांशी बोलावे. घरात हिपॅटायटिस बीचा रुग्ण असल्यास शुश्रूषा करणाऱ्यांनी रक्ततपासणी करून, डॉक्टरांच्या सल्ल्याने लस घ्यावी. आणि आजीबाई, पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्तस्राव दिसला, तर संकोचाने लपवू नका, ‘वयाचा भाग’ म्हणून सोडून देऊ नका. त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा.