धावणे मोजतो, वळणे कधी मोजणार?

राज्य मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२५ मध्ये सुमारे १५ हजार पोलीस पदांच्या भरतीला मंजुरी दिली. अशी भरती निघाली की शहापूर, मुरबाडकडच्या तरुण-तरुणींचा सराव वाढतो. मैदान नसेल तिथे डांबरी रस्त्यावर. मैदानी चाचणीत मुलांना १६०० आणि १०० मीटर, मुलींना ८०० आणि १०० मीटर धावायचे असते, शिवाय गोळाफेक. म्हणजे दम, वेग आणि ताकद मोजली जाते. धावताना अचानक थांबणे, वळणे आणि पुन्हा वेग पकडणे मात्र मोजले जात नाही.

हीच उणीव साठी ओलांडलेल्यांच्या तपासणीतही आहे. तिथे तिची किंमत खुब्याच्या हाडाने चुकवावी लागते.

वळणे ही सरळ धावण्यापेक्षा वेगळी क्रिया आहे. त्यात आधी वेगाला लगाम घालावा लागतो. मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच जोर लावतात, शरीर खाली झुकते, बाहेरचा पाय रोवला जातो आणि मग नव्या दिशेने रेटा मिळतो. गुडघ्याचा अस्थिबंध तुटण्याच्या अनेक घटना कोणाचाही धक्का न लागता, नेमक्या या पाय रोवण्याच्या क्षणी घडतात. कबड्डी-खो-खो खेळणाऱ्या गावांना हे सांगायला नको.

ही क्षमता मोजायला महागडे यंत्र लागत नाही. ‘पाच-शून्य-पाच’ चाचणीत खेळाडू १५ मीटर धावून रेषेवर पाय ठेवतो आणि मागे वळतो. त्यातले वळणाआधीचे ५ आणि नंतरचे ५ मीटर एवढाच वेळ मोजतात. त्यातून सरळ १० मीटर धावण्याचा वेळ वजा केला की वळण्यात किती वेळ गेला ते कळते. वेगवान मुलगाही इथे मागे पडू शकतो. डावीकडे आणि उजवीकडे वळण्यात मोठा फरक दिसला, तर कमकुवत पायाकडे लक्ष द्यायला हवे.

तरीही ही पूर्ण चपळाई नव्हे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताचे दोन्ही संघ जिंकले. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. या खेळात पाठलाग करणाऱ्याला एकदा घेतलेली दिशा बदलता येत नाही, पळणाऱ्याला ते बंधन नाही. समोरच्याची हालचाल ओळखून क्षणात निर्णय घेणे हा चपळाईचा दुसरा अर्धा भाग आहे आणि तो खुणेच्या शंकूंभोवती पळून मोजला जात नाही.

आता घरातल्या आजी-आजोबांकडे वळू. सरळ चालताना पडणारा माणूस अनेकदा हातांवर पुढे पडतो. वळताना पडणारा कुशीवर आपटतो आणि मार थेट खुब्याला बसतो. मोरीपाशी, उंबरठ्यावर, पावसाळ्यात शेवाळलेल्या बांधावर वळावे लागतेच. रस्ता नसलेल्या पाड्यावरून अशा रुग्णाला झोळीतून आणावे लागते. उशीर झाला की शय्याव्रण आणि न्यूमोनिया हाडापेक्षा घातक ठरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी ६ लाख ८४ हजार लोक पडून दगावतात.

त्यांच्यासाठी १९९१ पासून वापरात असलेली ‘उठा आणि चाला’ चाचणी आहे. खुर्चीतून उठायचे, नेहमीच्या चालीने ३ मीटर जायचे, वळायचे, परत येऊन बसायचे. १२ सेकंद किंवा अधिक लागले तर पडण्याचा धोका समजावा. आकड्याइतकेच वळणाकडे पाहा: तोल जातो का, भिंतीला हात लागतो का, एका वळणाला बारीक बारीक कितीतरी पावले पडतात का? चाचणी घेताना एकाने शेजारी उभे राहावे. मात्र या एकाच चाचणीवर निकाल लावू नये. गेल्या वर्षभरात कधी पडलात, हेही विचारावे.

आशाताई घरोघरी भरतात त्या तपासणी अर्जात साठीपुढील व्यक्तींसाठी ‘उभे राहताना किंवा चालताना अस्थिर वाटते का’ असा प्रश्न आहेच. उत्तर ‘हो’ आले, तर आयुष्मान आरोग्य मंदिरात ही चाचणी तिथल्या तिथे घेता येईल. खुर्ची, दोरी आणि मोबाइलमधले घड्याळ पुरेसे आहे. मग कारण शोधावे: मोतीबिंदू, मधुमेहाने बधिर झालेले तळवे, झोपेच्या गोळ्या, उभे राहताच उतरणारा रक्तदाब. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांपुढील पात्र व्यक्तींना काठी, वॉकरसारख्या साधनांसाठी ३ हजार रुपये मिळतात. पण कोणाला काठी हवी, कोणाला डोळ्यांची शस्त्रक्रिया आणि कोणाला व्यायाम, हे तपासल्याशिवाय कसे ठरणार?

व्यायामाचा उपयोग सिद्ध आहे. २०१९ च्या कोक्रेन आढाव्यानुसार व्यायामाने ज्येष्ठांचे पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटते. आधार धरून खुर्चीतून उठ-बस, आडवी पावले, सावकाश वळणे यांपासून सुरुवात करता येते. मुरबाड तालुक्यातील फांगणे गावात ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठीनंतर पाटीवर अक्षरे गिरवता येतात, तर वळताना पाऊल नीट कसे टाकावे हेही शिकता येईल. तरुणांच्या भरतीसाठी मैदानावर पट्ट्या आखल्या जातात. आरोग्य मंदिराच्या ओट्यावर ३ मीटरची एक रेघ आखायला वेगळा निधी लागणार नाही.